औषध देऊनही कुत्र्याच्या अंगावर पुन्हा गोचिडी: चुकतं कुठे आणि काय करायचं?

गोळी दिली, थेंब टाकले, पट्टाही बांधला, तरी पंधरा दिवसांत कानामागे पुन्हा गोचीड. असं झालं की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: औषध बोगस निघालं. मग दुसरं औषध येतं, त्यानेही भागलं नाही की तिसरं, आणि मधल्या मध्ये कोणी तरी सुचवलेला फवाराही मारून होतो. औषध खरोखर निकामी ठरतं असे प्रसंग आहेत, पण थोडे. एरवी औषध आपलं काम चोख करत असतं आणि घरातल्या भेगांमधून नवी फौज चढत असते. किंवा औषध कातडीपर्यंत पोचलेलंच नसतं. किंवा दोन डोसांच्या मध्ये आठ-दहा दिवसांची फट पडलेली असते. यातलं तुमचं कारण कोणतं हे गोचीड पाहूनच बरंचसं कळतं. म्हणून औषध बदलण्याआधी ती नीट बघा.

अंगावरची गोचीड काय सांगते

दोन-तीन गोचिडी काढा, पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाय मोजा.

सहा पाय असतील तर ते अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू आहे. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे केसांत धूळ किंवा कोंडा वाटतो. अशी पिल्लं एका जागी झुंडीने दिसली तर कुत्रा जिथे झोपतो-वावरतो त्याच्या आसपास कुठे तरी अंड्यांचा पुंजका फुटला आहे असं धरून चाला. कुत्रा नुकताच उंच गवतातून किंवा झाडीतून फिरून आला असेल, तरच ही झुंड बाहेरची असण्याची शक्यता विचारात घ्या. आठ पाय पण आकार दीड-दोन मिलिमीटरच असेल तर ती मधल्या अवस्थेतली, म्हणजे एकदा रक्त पिऊन, खाली पडून, कात टाकून परत चढलेली. पूर्ण वाढलेली उपाशी गोचीड चपटी, तपकिरी, साधारण तीन मिलिमीटरची. मादी रक्त पिऊन फुगली की सेंटिमीटरभर होते आणि रंग राखाडी-हिरवट पडतो.

तिन्ही आकार एकाच वेळी सापडले तर वाद मिटला. तुमच्या घरात गोचिडींचं बस्तान आहे आणि नुसत्या कुत्र्यावर उपचार करून आठवड्याभरात सुटका होणार नाही.

आता ती जिवंत आहे की मेलेली ते बघा. तिच्यावर तोंडाने हलकी फुंकर मारा; उष्ण श्वास लागला की जिवंत गोचीड पाय हलवते. कातडीला चिकटलेली पण वाळकी, चपटी, बोट लावताच सुटून येणारी गोचीड ही औषध लागू पडल्याची खूण आहे. नव्या पिढीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, म्हणजे ते पोटात जाण्यासाठी गोचिडीला आधी चावावंच लागतं. गोळी दिलेल्या कुत्र्यावर चालती गोचीड दिसणं यात म्हणूनच काही वावगं नाही. डोस लागू झाल्यावर दोन दिवसांनीही टम्म फुगलेली जिवंत मादी सापडली, तर मात्र कुठे तरी पाणी मुरतंय.

शोधताना हात उलट्या केसांतून फिरवा. कानाची पाळी आतून, कानाच्या तोंडाशी असलेली दुमड, पापण्यांच्या कडा, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीचं बूड आणि पायाच्या बोटांमधल्या बेचक्या. शेवटची जागा बहुतेक जण विसरतात. नराच्या पोटावरची स्तनाग्रं गोचीड समजून ओढणारेही भेटतात. दोन समांतर रांगांमध्ये असलेली, पाय नसलेली गाठ सोडून द्या.

पंधरा दिवसांनी परत का येतात

घरात ठाण मांडणारी जात म्हणजे तपकिरी गोचीड, रिपिसेफॅलस सँग्विनिअस. बाकीच्या अनेक जातींना गवत, ओल, रानातले प्राणी लागतात. हिला कुत्रा आणि एक भेग पुरते. जगभर पसरलेली ही गोचीड आपलं सगळं आयुष्य घराच्या आत काढू शकते.

ती कुत्र्यावर तीनदा चढते आणि तीनदा उतरते. पिल्लू ३ ते ७ दिवस रक्त पितं, खाली पडतं, भेगेत जाऊन कात टाकतं. मधली अवस्था ५ ते १० दिवस पिते, पुन्हा खाली. पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त चिकटून राहते, फुगून गळून पडते, आडोसा गाठते आणि हजारांच्या घरात अंडी घालून मरते. अंडी फुटायला उबेनुसार साधारण ३ ते ५ आठवडे. चांगल्या उबेत पूर्ण फेरा दोन ते तीन महिन्यांत संपतो. आणि रक्त मिळालंच नाही तर पूर्ण वाढलेली गोचीड अनुकूल हवेत वर्षभरसुद्धा उपाशी वाट बघू शकते. कुत्रा महिनाभर दुसरीकडे ठेवून घर 'रिकामं' करायची युक्ती यामुळेच फसते.

याचा अर्थ, कोणत्याही क्षणी बहुसंख्य गोचिडी कुत्र्याच्या अंगावर नसतातच. त्या भिंतीत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात असतात. तुम्ही पहिल्या दिवशी अंगावरच्या सगळ्या मारल्या तरी आधी पडलेल्या मादीची अंडी महिन्याभराने फुटतात, नेमकी पहिल्या डोसची मुदत संपते त्या सुमारास. 'आता काही दिसत नाही' म्हणून दुसरा डोस लांबवला की त्या झुंडीला मोकळं रान मिळतं. ही पिल्लं इतकी बारीक असतात की ती वाढून पुन्हा डोळ्यांना दिसेपर्यंत आणखी काही आठवडे जातात, आणि घरच्यांना वाटतं गोचिडी एकाएकी आल्या.

म्हणून घरात बस्तान बसलं असेल तर डावपेच उलटा ठेवावा लागतो: कुत्र्याला गोचिडींपासून लांब न्यायचं नाही, औषध दिलेला कुत्रा घरातच वावरू द्यायचा. तोच सापळा. भेगांतून निघणारी प्रत्येक गोचीड त्याच्यावर चढेल, चावेल आणि पोट भरून पडायच्या आत मरेल. मादीला अंड्यांपुरतं रक्त प्यायला काही दिवस लागतात. औषध तिला एक-दोन दिवसांत मारत असेल तर नवी अंडी पडतच नाहीत. पण ही साखळी तुटायला मधे एकही फट चालत नाही. कमीत कमी चार महिने सलग, आणि शेवटची जिवंत गोचीड दिसल्यापासून पुढे तीन महिने, असा हिशेब ठेवा. घरात दोन कुत्रे असतील तर दोघांनाही एकाच दिवशी. एकाला गोळी आणि दुसरा 'त्याला तर काही होत नाही' म्हणून तसाच, हे या समस्येचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

औषध निवडताना

पाकिटावरचं नाव बाजूला ठेवा आणि घटक वाचा. दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच घटक असतो, आणि लोक 'औषध बदललं' या समाधानात तेच औषध परत देतात. दुसरी गफलत पिसवांच्या औषधाची. नुसतं इमिडाक्लोप्रिड पिसवा मारतं, गोचिडी नाही. लुफेन्यूरॉन, मेथोप्रिन, पायरीप्रॉक्सिफेन हे घटक पिसवांची वाढ रोखण्यासाठी असतात. गोचिडींसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

घरात प्रादुर्भाव असेल आणि कुत्रा एरवी धडधाकट असेल तर आयसोक्साझोलिन गटातली चघळायची गोळी हा आमच्या मते पहिला पर्याय. अफॉक्सोलेनर, सारोलेनर आणि लोटिलेनर महिन्याला एकदा. फ्लुरालेनरची नेहमीची गोळी १२ आठवडे चालते, पण काही जातींच्या गोचिडींवर तिची मुदत ८ आठवडेच धरतात, तेव्हा पत्रक वाचूनच तारीख ठरवा. गोळी पोटात गेल्यावर आंघोळ, पोहणं, लांब केस यांचा काही संबंध उरत नाही, आणि मुलांच्या हाताला, मांजरीच्या जिभेला औषध लागत नाही. कमीत कमी मात्रा किलोमागे अशी असते: अफॉक्सोलेनर २.५ मिलिग्रॅम, सारोलेनर २, लोटिलेनर २० आणि फ्लुरालेनर २५ मिलिग्रॅम. हे आकडे गोळीच्या वजनगटाशी पडताळून बघण्यासाठी आहेत, गोळ्या कापून डोस बसवण्यासाठी नाहीत.

या गटाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला की या औषधांनी काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं किंवा फिट येऊ शकते, आधी कधी फिट न आलेल्या कुत्र्यांतही. बहुसंख्य कुत्र्यांना ती सोसतात. पण फिट येण्याचा इतिहास असेल तर पशुवैद्याला तो सांगितल्याशिवाय गोळी देऊ नका, आणि अशा कुत्र्यासाठी पट्टा किंवा थेंब हाच रस्ता बहुधा बरा.

पट्ट्यांमध्ये दोन मुख्य: फ्लुमेथ्रिन ४.५ टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड १० टक्के, मुदत ८ महिन्यांपर्यंत. आणि डेल्टामेथ्रिन ४ टक्के, गोचिडींसाठी ५-६ महिने. यांचा फायदा असा की औषध कातडीच्या तेलकट थरात पसरतं आणि गोचीड चावण्याआधीच पुष्कळदा मरते किंवा पळते. गोचिडीमार्फत होणारे आजार जिथे जास्त आहेत तिथे हा फरक मोठा ठरतो, आणि काही पशुवैद्य गोळी व पट्टा दोन्ही एकत्र सुचवतात ते यासाठीच. ही जोडी स्वतःच्या मनाने लावू नका.

फिप्रोनिलचे थेंब जुने आणि सर्वांच्या ओळखीचे. १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलो १.३४, २० ते ४० किलो २.६८ आणि ४० ते ६० किलो ४.०२ मिली. गोचिडींवर साधारण चार आठवडे. कुत्र्याच्या अगदी लहान पिल्लांसाठी फिप्रोनिलचा ०.२५ टक्के फवारा कामाचा असतो. तो दोन दिवसांच्या पिल्लावरही चालतो, तर थेंब आठ आठवड्यांनंतर. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या आसपासही नको, सशाला ते घातक आहे.

अमिट्राझचं पाणी अजूनही बरेच जण लावतात. काम करतं, पण टिकतं थोडे दिवस आणि चुकायला वाव फार. १२.५ टक्के द्रावणाचे ४ मिली एक लिटर पाण्यात घातले तर ०.०५ टक्के होतं. 'एक झाकण बादलीत' हे माप नव्हे. ताजं कालवायचं, लावल्यावर धुवायचं नाही, टॉवेलने पुसायचं नाही, हवेवर वाळू द्यायचं, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. मधुमेही, गाभण, अशक्त कुत्र्याला, चार महिन्यांखालच्या पिल्लाला आणि चिवावा जातीला नको. लावल्यावर कुत्रा गळून झोपून राहिला, नाडी मंद झाली तर तात्काळ दवाखाना. त्यावर उतारा आहे. उरलेलं पाणी तळ्या-ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. गोळी किंवा पट्टा मिळत असताना घरच्या घरी हे करण्यात आम्हाला तरी शहाणपण दिसत नाही.

औषध योग्य, तरी लागू नाही

वजन अंदाजाने धरलेलं असतं. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन वजा करा. २१ किलोच्या कुत्र्याला २० किलोपर्यंतचा डोस दिला तर पहिले दोन-तीन आठवडे सगळं ठीक दिसतं आणि शेवटच्या आठवड्यात औषधाची पातळी अपुरी पडते. वाढत्या पिल्लाचं वजन दर डोसला नव्याने घ्या.

फ्लुरालेनर आणि लोटिलेनर उपाशी पोटी दिलेलं असतं. ही औषधं अन्नासोबत नीट शोषली जातात. जेवणात लपवलेली गोळी कुत्र्याने कोपऱ्यात थुंकून ठेवलेली नाही ना, तेही बघा. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पशुवैद्याला विचारून डोस पुन्हा द्यावा लागू शकतो.

थेंबांची तऱ्हा वेगळी. ते केसांवर नाही, कातडीवर पडायला हवेत. खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस दोन बाजूंना सारून पांढरी कातडी दिसली की नळीचं तोंड कातडीला टेकवून पिळायचं. मोठ्या कुत्र्याला पाठीवर दोन-तीन ठिकाणी वाटून. केस ओले, तेलकट पुंजके झालेले दिसले आणि कातडी कोरडी राहिली तर निम्मं औषध वाया. फिप्रोनिल कातडीच्या तेलग्रंथींतून पसरतं. आदल्या दिवशी शांपूने ते तेल धुऊन काढलं तर पसरायला वाहनच राहत नाही. थेंबांच्या आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नाही. नंतरही दर आठवड्याला कडक शांपू लावत असाल तर चार आठवड्यांची अपेक्षा ठेवू नका, सरळ गोळीकडे वळा.

फवाऱ्याची गफलत मात्र बघण्यासारखी असते. मात्रा किलोमागे ३ ते ६ मिली, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ३० ते ६० मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक दाब अर्धा मिली सोडतो. हिशेब केला तर ६० ते १२० दाब! प्रत्यक्षात लोक दहा-बारा दाब पाठीवर मारतात आणि बाटली वर्षभर पुरवतात. केस उलटे करत, पोट, काखा, पायांची बोटं सगळं मुळापर्यंत ओलसर व्हायला हवं. तोंडाला हातमोज्यावर घेऊन लावा. द्रावणात अल्कोहोल असतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको.

पट्टा सैल असतो, हे नव्वद टक्के वेळा नुसत्या नजरेने कळतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, त्यापेक्षा जास्त जागा नको. दाट केसांच्या कुत्र्यात तो केसांवर तरंगत राहतो आणि कातडीला लागतच नाही. मानेभोवतीचे केस सारून बसवा. उरलेलं टोक दोन सेंटिमीटर सोडून कापा, नाही तर कोणी तरी ते चघळतं. पट्टा बांधला त्या दिवशी अंगावर आधीच चिकटलेल्या गोचिडी लगेच मरत नाहीत, त्या हाताने काढायच्या. डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्याला पूर्ण असर यायला आठवडा लागतो. आंघोळीच्या वेळी काढून खुंटीला टांगलेला आणि तीन दिवस तिथेच विसरलेला पट्टा खुंटीचं रक्षण करतो.

चिकटलेली गोचीड काढताना

बारीक टोकाचा चिमटा घ्या, गोचिडीला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडा आणि सरळ, संथ, एकसारखं वर ओढा. झटका नको, पोट दाबणं नको. गोचीड काढायचा आकडा वापरत असाल तर तो कातडीलगत सरकवून फिरवायचा असतो. चिमटा फिरवायचा नसतो. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी, नेलपॉलिश यांनी गोचीड सुटत नाही. उलट डिवचलेली गोचीड आपली लाळ आणि पोटातलं चावलेल्या जागी ओकू शकते, आणि आजाराचे जंतू तिथेच असतात. तोंडाचा काळा कण आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा जंतुनाशकाने पुसा. काढलेली गोचीड नखावर चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. ती कुत्र्याला खाऊही देऊ नका. हेपॅटोझून नावाचा परजीवी गोचीड गिळल्यानेच कुत्र्यात शिरतो.

घर

तपकिरी गोचीड वर चढते. लोक फरशी पुसत बसतात आणि ती पडद्याच्या दांडीमागे, छताच्या कोपऱ्यात, दिव्याच्या पट्टीखाली असते. कुत्रा जिथे झोपतो तिथून सुरुवात करा आणि भिंतीवरून नजर वर न्या: दाराच्या चौकटीचा सांधा, भिंतीतली केसाएवढी चीर, विजेच्या बोर्डाची कड, पलंगाच्या फळीची खालची बाजू, सोफ्याची शिवण. संध्याकाळी विजेरी तिरकी धरली की भिंतीवर चढणाऱ्या गोचिडींच्या सावल्या पडतात, त्या कुठून निघतात तेही दिसतं.

व्हॅक्यूम क्लीनरचं निमुळतं तोंड लावून या सगळ्या फटी ओढून काढा आणि पिशवी लगेच गाठ मारून घराबाहेर टाका. भिंतीवरच्या गोचिडी चिकटपट्टीने टिपा. मग भेगा बुजवा, पुट्टीने किंवा सिलिकॉनने. हे काम कंटाळवाणं आहे, पण भेग बुजली की ती कायमची गेली. फवारा दर वेळी नव्याने मारावा लागतो. अंथरुणं आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. थंड पाण्याच्या धुण्यातून गोचिडी जिवंत निघतात. ड्रायर असेल तर कपडे कोरडे असतानाच चांगला अर्धा तास कडक गरम फिरवा, मग धुवा.

फवारायचंच असेल तर डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं घरगुती वापराचं द्रावण डब्यावरच्या प्रमाणात, आणि तेही फटींमध्ये. मोकळ्या फरशीवर शिंपडून उपयोग शून्य. अंड्यांवर त्याचा भरवसा नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी परत, असं निदान तीनदा. वाळेपर्यंत सगळी जनावरं बाहेर. मत्स्यपेटी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा, ही औषधं माशांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारतात. छतापर्यंत गोचिडी असतील तर परवानाधारक कीटकनाशवाल्याला बोलवा आणि फेरभेटीची तारीख आधीच ठरवून घ्या. अंगण असेल तर गवत आखूड ठेवा, पालापाचोळा आणि विटा-दगडांचे ढीग कुत्र्याच्या जागेपासून हलवा.

हे करू नका

गुराढोरांसाठीची सायपरमेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिनची द्रावणं कुत्र्याला लावू नका. तीव्रता वेगळी, मात्रा वेगळी, चाटण्याची सवय वेगळी. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन 'गोचिडींवर रामबाण' म्हणून दिलं जातं, पण त्यासाठी ते भरवशाचं नाही, आणि कोली जातीचे कुत्रे व त्यांच्या जवळच्या जातींमध्ये एका जनुकदोषामुळे ते मेंदूत शिरून जीव घेऊ शकतं. फिनाईलच्या पाण्याने आंघोळ, लसूण चारणं, टी ट्री तेल लावणं या तिन्हींनी विषबाधा होते. कडुनिंबाच्या तेलाने थोडा वेळ गोचीड दूर राहत असेलही, घरातला प्रादुर्भाव त्याने हटत नाही.

मांजर असलेल्या घरात परमेथ्रिनचे थेंब कुत्र्याला लावू नका. मांजरीचं यकृत ते मोडू शकत नाही. कुत्र्याला अंग घासलं, त्याची पाठ चाटली एवढ्यानेही तिला झटके येतात. आणि कुत्र्याचा उरलेला डोस मांजरीला कधीच नाही.

गोचीड गेली, कुत्रा मलूल

एर्लिकिया, बबेसिया, लाईम हे गोचिडीमार्फत होणारे आजार. एर्लिकियाचे जंतू गोचीड चावल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतात. बबेसिया आणि लाईमच्या जंतूंना बहुधा एक-दोन दिवस लागतात. म्हणजे औषध नियमित असलं तरी धोका शून्य होत नाही. गोचिडी दिसल्यापासून पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा: खाणं सोडलं, ताप ३९.५ अंशांच्या वर, हिरड्या फिक्या किंवा पिवळट, लघवी गडद तांबूस, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, पाय बदलून लंगडणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी, प्लेटलेटसकट. काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही, तेव्हा लक्षणं चालू असतील तर पुढच्या चाचणीचा आग्रह धरा. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झालं तर ते सहसा २८ दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला तरी पूर्ण करायचं. मागचे पाय अचानक लुळे पडले तर वाट न बघता सगळं अंग चाचपत दवाखाना गाठा. काही गोचिडींच्या लाळेतल्या विषाने लकवा होतो.

सगळं केलं, तरीही?

वजन तपासलं, डोस वेळेवर, आंघोळ पाळली, घरातले सगळे कुत्रे धरले, आणि तरी ४८ तासांनी फुगलेल्या जिवंत माद्या. आता औषध न जुमानणारी गोचीड हा संशय रास्त आहे. तपकिरी गोचिडीत परमेथ्रिन आणि फिप्रोनिलला दाद न देणारे गट आढळलेले आहेत. चार-पाच गोचिडी स्पिरिटमध्ये ठेवा, डब्यावर तारीख आणि शेवटच्या डोसची तारीख लिहा, आणि त्या घेऊन पशुवैद्याकडे जा. बदलायचं ते नाव नाही, गट. फिप्रोनिलवरून दुसऱ्या फिप्रोनिलवर नाही, आयसोक्साझोलिनवर. घरातल्या फवाऱ्यातही तोच घटक वापरला असेल तर तोही त्याच वेळी बदला. नवा गट सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात गोचिडी दिसणारच. त्या वेळी अंगावर किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्यातल्या फुगलेल्या किती हे मोजा. तो आकडा शून्यावर आला की अंडी पडणं थांबलं, मग फक्त तारखा चुकवायच्या नाहीत.